गोडं पाणी, खारं पाणी आणि डॉल्फिन

(सोयगाव येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी या परिसरातल्या कित्येक पिढ्यांना भूगोल शिकवला. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून डॉल्फिनवर बोलायचं मी कळवलं, तेव्हा आयोजकांनी एक रास्त प्रश्न विचारला. समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरच्या घरात आहे. कपाशी-मक्याच्या या मुलखाला डॉल्फिनशी काय देणंघेणं? आजचं सगळं बोलणं म्हणजे या प्रश्नाचं उत्तर आहे.

उत्तराची सुरुवात आपल्या डोंगरापासून करतो. सोयगाव अजिंठ्याच्या रांगेच्या पायथ्याशी, खानदेशाच्या अंगाला वसलं आहे. वेताळवाडीच्या किल्ल्याजवळून हळद्याचा घाट चढलं की वर सिल्लोडचं पठार लागतं. ही रांग म्हणजे पाणलोटाची सीमा आहे. उत्तरेच्या उतारावर पडलेला पाऊस सोना, वाघूर अशा नद्या-ओढ्यांतून तापीच्या खोऱ्यात जातो आणि तापी सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला मिळते. दक्षिणेच्या उतारावरचं पाणी पूर्णेला, पूर्णेतून गोदावरीला आणि गोदावरीतून थेट आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागराला जातं. एकाच डोंगराचं पाणी दोन समुद्रांना मिळतं. या दोन्ही समुद्रांच्या काठाशी डॉल्फिन आहेत. मला आज एवढंच सांगायचं आहे की त्या डॉल्फिनचं भवितव्य समुद्रात जेवढं ठरतं, तेवढंच नद्यांच्या उगमाकडेही ठरतं.

मासा नव्हे, आपल्याच कुळातला

डॉल्फिनला सगळे सर्रास मासा म्हणतात. पण त्याला कल्ले नसतात. तो हवेतच श्वास घेतो. डोक्यावरचं नाकपुडीचं छिद्र उघडून फस्सकन श्वास सोडायचा, लगेच नवा भरून घ्यायचा आणि पुन्हा पाण्याखाली जायचं, असा त्याचा आयुष्यभराचा क्रम. मादीला दहा-बारा महिने दिवस असतात, एका वेळी एकच पिल्लू होतं आणि ते आईच्या दुधावर वाढतं. दोन बाळंतपणांत अनेकदा तीन-तीन वर्षांचं अंतर असतं. मासा एका हंगामात लाखो अंडी घालतो, त्यामुळे त्याची संख्या घटली तरी संधी मिळताच भरून येते. डॉल्फिनचं तसं नाही. वर्षाला मोजकीच जनावरं जास्तीची मेली, तरी त्या किनाऱ्यावरचा कळप दहा-वीस वर्षांत ओसरतो. पुढे मी जे काही सांगणार आहे, त्याच्या मुळाशी हे साधं गणित आहे.

आता गोड्या-खाऱ्या पाण्याचा प्रश्न. समुद्रात राहणारा सस्तन प्राणी पितो काय? समुद्राचं पाणी आपण प्यायलो तर त्यातलं मीठ बाहेर टाकायला शरीरातलंच पाणी खर्ची पडेल. डॉल्फिन समुद्राचं पाणी फारसं पीतच नाही. त्याला लागणारं पाणी मुख्यतः माशांच्या मांसातून आणि चरबीच्या पचनातून मिळतं. त्याचं मूत्रपिंड शेकडो लहान-लहान खंडांचं बनलेलं असतं आणि ते जास्तीचं मीठ घट्ट लघवीवाटे बाहेर टाकतं. त्वचाही खाऱ्या पाण्याला सरावलेली असते. म्हणून समुद्रातला डॉल्फिन दीर्घकाळ गोड्या पाण्यात अडकला की त्याचं अंग बिघडतं. ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलँडच्या खाजणांत 2007 साली हे ठळकपणे दिसलं. दुष्काळानंतर आलेल्या मोठ्या पावसाने तिथलं पाणी एकाएकी गोडं झालं आणि डॉल्फिनच्या अंगभर चट्टे व व्रण उठले. त्यातून अनेक दगावले. या आजाराचं सविस्तर शास्त्रीय वर्णन 2020 साली प्रसिद्ध झालं. आधी कोरड आणि मग ढगफुटी हा प्रकार मराठवाड्याला नवा नाही. त्याचा तडाखा नदीच्या मुखाशी राहणाऱ्या जिवालाही बसू शकतो, हे या घटनेने दाखवलं.

मग काही डॉल्फिन नदीतले कसे झाले? अभ्यासकांचं मत असं की लाखो वर्षांपूर्वी समुद्राची पातळी वर असताना तो खंडांच्या सखल भागांत आत शिरला होता. त्याच्याबरोबर डॉल्फिनचे पूर्वजही आत आले. समुद्र मागे हटला तेव्हा काही तिथेच राहिले आणि नदीचे झाले. गंगेचा डॉल्फिन, दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनचा आणि चीनच्या यांगत्सेतला बैजी हे दिसायला सारखे, पण एकमेकांचे जवळचे नातलग नव्हेत. लांब चोच, लहान डोळे, लवचीक मान ही गढूळ पाण्यात उपयोगी पडणारी ठेवण प्रत्येकाला वेगवेगळ्या वाटेने मिळाली.

गंगेतला सोंस

गोदावरीत किंवा तापीत हा नदीचा डॉल्फिन नाही. तो गंगा, ब्रह्मपुत्रा आणि त्यांच्या उपनद्यांचा रहिवासी. त्या मुलखात त्याला सोंस म्हणतात. त्याच्या डोळ्यांत भिंगच नसतं. उजेड कुठून येतो एवढंच त्याला कळत असावं. गाळाने दाटलेल्या त्या पाण्यात डोळस प्राण्यालाही हातभर पुढचं दिसत नाही, तेव्हा त्याने कानांवर भिस्त ठेवली. तो नाकाच्या पोकळीतून टिक्-टिक् असे बारीक आवाज सतत सोडत असतो. ते माशावर, वाळूवर, खडकावर आपटून परत येतात, खालच्या जबड्यातल्या चरबीतून कानापर्यंत पोचतात आणि समोर काय आहे ते त्याला कळतं. उथळ पाण्यात तो बऱ्याचदा कुशीवर आडवा होऊन पोहतो आणि चोचीने, पंखाने तळ चाचपडतो. मानेचे मणके एकमेकांना जोडलेले नसल्यामुळे त्याला डोकं इकडेतिकडे वळवता येतं, जे समुद्रातल्या बहुतेक डॉल्फिनना जमत नाही.

या प्राण्याला संरक्षण देण्याची कल्पना आपल्या देशात फार जुनी आहे. सम्राट अशोकाने राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षी स्तंभावर कोरलेल्या आज्ञेत अवध्य प्राण्यांची यादी दिली आहे. तिच्यातलं गंगापुपुटक हे नाव बहुतेक अभ्यासक या डॉल्फिनचंच मानतात. स्वतंत्र भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला स्थान मिळालं. 1991 साली बिहारमध्ये सुलतानगंज ते कहलगाव या गंगेच्या पट्ट्यात विक्रमशिला अभयारण्य झालं. 2009 साली तो राष्ट्रीय जलचर ठरला आणि 15 ऑगस्ट 2020 रोजी ‘प्रोजेक्ट डॉल्फिन’ची घोषणा झाली. पाटण्याचे प्राध्यापक रवींद्रकुमार सिन्हा यांनी या प्राण्यासाठी हयात वेचली. त्यांना 2016 साली पद्मश्री मिळाली. 2021 ते 2023 या काळात आठ राज्यांतल्या 28 नद्यांवर साडेआठ हजार किलोमीटरहून अधिक अंतर नावेतून पालथं घालून गणना झाली. तिचा निकाल मार्च 2025 मध्ये जाहीर झाला. एकूण 6,327 डॉल्फिन. त्यांतले 2,397 उत्तर प्रदेशात, 2,220 बिहारमध्ये. आणि पंजाबच्या बियास नदीत सिंधू जातीचे केवळ तीन.

हे तीन असे का उरले? पहिला धोका बंधाऱ्यांचा. सिंधूच्या खोऱ्यात कालव्यांसाठी बंधारे उभे राहिले. सक्करचा मोठा बंधारा 1932 साली झाला. प्रत्येक बंधाऱ्याने डॉल्फिनचा एकेक कळप दोन भिंतींच्या मध्ये कोंडला. वरच्या बाजूला पाणी आटत गेलं, खालच्या बाजूला पोचेनासं झालं. गंगेवरही फराक्क्याचा बंधारा 1975 पासून उभा आहे. धरणाशिवाय शेती होत नाही, हे तुमच्यासमोर मी नव्याने सांगायची गरज नाही. प्रश्न इतकाच की नदीला तिच्या स्वतःच्या वाट्याचं काही पाणी सोडायचं की नाही.

दुसरा धोका आवाजाचा. ज्या जिवाचं सगळं जगणं ऐकण्यावर चालतं, त्याच्या पाण्यात मोठ्या बोटींच्या पंख्यांचा गोंगाट झाला तर काय होईल? भागलपूरजवळ गंगेत याचा अभ्यास झाला आणि तो 2019 साली प्रसिद्ध झाला. त्या अभ्यासगटात मुंबईच्या वन्यजीव संस्थेत काम करणारे नचिकेत केळकर आहेत. उन्हाळ्यात पाणी उथळ झालेलं असताना बोटींची वर्दळ वाढली की डॉल्फिनना आपले आवाज बदलावे लागतात आणि त्यांच्या शरीरावर ताण येतो, असं त्यांना दिसलं. कमी पाणी आणि जास्त गोंगाट हे दोन्ही एकत्र आले की त्रास वाढतो. म्हणजे इथेही गोष्ट पाण्यावरच येऊन थांबते.

तिसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. 1990 च्या दशकात गंगेत मेलेल्या डॉल्फिनच्या चरबीची तपासणी झाली, तेव्हा तिच्यात डीडीटीसारखी कीटकनाशकं सापडली. ही द्रव्यं पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत मुरतात. शेतातून ओढ्यात, ओढ्यातून शेवाळात, शेवाळातून किड्यात, किड्यातून माशात आणि माशातून डॉल्फिनमध्ये, अशी ती पायरीपायरीने साठत जातात. मादी पिल्लाला दूध पाजते तेव्हा तिच्या अंगातल्या विषाचा मोठा भाग दुधावाटे पिल्लाकडे जातो. पहिलटकरणीच्या पिल्लाला त्याचा सगळ्यात मोठा वाटा मिळतो. कपाशीवर फवारणी करणाऱ्या माणसांसमोर मी हे मुद्दाम सांगतो आहे. फवारणीचा त्रास आधी शेतकऱ्याच्या स्वतःच्या अंगाला होतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. त्याच पंपातलं औषध पुढे कुठवर पोचतं, ते मी सांगतो.

जिथे दोन पाणी मिळतात

ओडिशातल्या चिलिका सरोवरात गोडं आणि खारं पाणी एकमेकांत मिसळतं. तिथे इरावडी डॉल्फिन राहतो. गोल कपाळाचा, बिनचोचीचा आणि बुजरा. त्याच्या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन 1866 साली रिचर्ड ओवेन यांनी केलं. ते ज्या नमुन्यावरून केलं, तो विशाखापट्टणमच्या बंदरात मिळाला होता. चिलिकेत तो दीडशेच्या आसपास आहे. हाच प्राणी म्यानमारच्या इरावडीत आणि कंबोडियाच्या मेकाँगमध्ये थेट गोड्या पाण्यात नांदतो. इरावडी नदीवर काही कोळी आणि डॉल्फिन मिळून मासेमारी करतात. कोळी नावेच्या कडेवर काठी आपटून डॉल्फिनना बोलावतो, ते माशांचा थवा वळवून नावेकडे आणतात, मग तो जाळं फेकतो. जाळ्याबाहेर निसटलेला मासा डॉल्फिनचा.

चिलिकेची कथा आपल्याला धीर देणारी आहे. डोंगरांतून येणारा गाळ साचून सरोवराचं समुद्राकडचं तोंड बुजत चाललं होतं. खारं पाणी आत येईना, पाणवनस्पती माजल्या, मासळी घटली. धोक्यात आलेल्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत 1993 साली चिलिकेचं नाव गेलं. मग चिलिका विकास प्राधिकरणाने सप्टेंबर 2000 मध्ये समुद्राला मिळणारं नवं तोंड उघडलं. खारटपणा परत आला, मासळी वाढली आणि 2002 साली चिलिका त्या यादीतून बाहेर पडली. आजारी पाणी पुन्हा ठीक होऊ शकतं, मात्र त्यासाठी वरून येणारा गाळ आणि खालून येणारी भरती या दोन्हींचा हिशेब एकत्र मांडावा लागतो.

सुंदरबनात तर गंगेचा सोंस, इरावडी आणि समुद्रातला कुबडवाला डॉल्फिन हे शेजारी-शेजारी राहतात. कोणी कुठवर जायचं, ते पाण्यातलं मीठ ठरवतं. वरून गोड्या पाण्याचा ओघ कमी झाला की खारं पाणी आत सरकतं आणि सोंसाचा मुलूख तेवढा आखडतो. दोन पाण्यांमधली ती रेघ नकाशावर कुणी आखलेली नाही. ती दररोज नदीच्या जोरावर ठरते.

सोपाऱ्यापासून मालवणपर्यंत

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. सोयगाव तालुक्याचा समुद्राशी संबंध नाही असं कुणी म्हटलं, तर मी त्याला अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात घेऊन जाईन. ही लेणी तुमच्याच तालुक्यात, वाघूर नदीच्या घळीत आहेत. त्या लेण्याच्या भिंतीवर पूर्णाची कथा रंगवली आहे. पूर्ण हा सोपाऱ्याचा व्यापारी, म्हणजे आजच्या मुंबईजवळच्या नालासोपाऱ्याचा. त्याचा भाऊ चंदन आणायला समुद्रपार जातो, वादळात सापडतो आणि पूर्ण त्याला तारतो. चित्रात शिडं उभारलेलं जहाज आहे, त्यावर रांगेने ठेवलेले रांजण आहेत, पाण्यात जलचर आहेत. दीड हजार वर्षांपूर्वी या डोंगरात बसून चितारणाऱ्या माणसाला कोकणचा समुद्र परका वाटला नव्हता. याच सोपाऱ्यात अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सापडला आहे. आपल्या जिल्ह्यात वेरूळच्या रामेश्वर लेण्याच्या दाराशी गंगा मकरावर उभी आहे. त्या मकरात अभ्यासकांना मगर, हत्ती आणि काहींना गंगेचा डॉल्फिनही दिसला आहे. मकर नेमका कोण, हा वाद चालू राहू दे. नदीला प्राण्यापासून वेगळं काढून आपल्या शिल्पकाराने तिची मूर्ती घडवली नाही, ही गोष्ट मात्र त्या दाराशी उभं राहिलं की स्वच्छ दिसते.

सोपाऱ्याच्या त्या समुद्रात आज कोणता डॉल्फिन आहे? मुंबईच्या मरीन ड्राइव्हसमोर, दापोलीजवळच्या मुरुड-हर्णैला, गुहागरला, तारकर्ली-देवबागला पर्यटकांना दिसतो, तो हिंदी महासागरातला कुबडवाला डॉल्फिन. कोकणात त्याला गादा म्हणतात. राखाडी रंगाचा, अडीच मीटरच्या आसपास लांब, पाठीवर पंखाखाली उंचवटा. तो किनारा सोडून फार आत जात नाही. वीस-पंचवीस मीटरपर्यंतचं उथळ पाणी, नदीचं मुख, खाडीचं तोंड, हा त्याचा संसार. 2014 सालापासून त्याला स्वतंत्र जात मानलं जातं आणि आंतरराष्ट्रीय यादीत तो 2017 पासून संकटग्रस्त आहे.

खाडीच्या तोंडाशीच तो का राहतो? कारण मासळी तिथे आहे. पावसाळ्यात सह्याद्रीवरून येणारं गोडं पाणी माती आणि खनिजं घेऊन येतं, कांदळवनाचा पाला कुजून त्यात मिसळतो, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात आणि बोयीसारख्या माशांची पिल्लं तिथे मोठी होतात. म्हणजे खाऱ्या पाण्यातला हा डॉल्फिनही गोड्या पाण्याच्या जिवावरच जगतो. आणि माणसाची सगळी गर्दीही नेमक्या याच पट्टीत असते. बंदर, जेटी, रस्त्यासाठी भराव, सांडपाण्याचा नळ, होड्या आणि जाळी. गादाला या गर्दीतून पळून जायला दुसरी जागा नाही.

सिंधुदुर्गात कोकण सिटेशियन रिसर्च टीम या तरुण अभ्यासकांच्या गटाने या डॉल्फिनवर चिकाटीने काम केलं. पाठीवरच्या पंखाच्या खाचा आणि डाग यांचे फोटो काढून एकेक जनावर ओळखायचं आणि कोळ्यांशी बोलून त्यांचं म्हणणं लिहून घ्यायचं, ही या अभ्यासाची रीत. गादा आणि कोळी यांचं नातं सरळ नाही. दोघेही तारली, बांगडा आणि बोयीच्या मागावर असतात. मालवण-वेंगुर्ल्याकडे रापण ओढतात तेव्हा लांबलचक जाळं होडीतून अर्धगोलात सोडतात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढत आणतात. अशा वेळी मासळीच्या मागे गादाही जवळ येतो. पण बांधून ठेवलेल्या जाळ्यातला मासा तो ओढतो तेव्हा जाळं फाटतं आणि ते शिवण्याचा खर्च गरीब मच्छीमाराच्या डोक्यावर बसतो. त्या माणसाचा राग खरा आहे. त्याला दोन शब्द उपदेशाचे ऐकवून संवर्धन होत नाही.

जाळ्याची दुसरी बाजूही नीट पाहा. आजचं जाळं नायलॉनच्या बारीक, जवळजवळ पारदर्शक धाग्याचं असतं. पाण्यात ते उभ्या पडद्यासारखं तरंगतं. डॉल्फिनने सोडलेला आवाज अशा धाग्यावरून फारच क्षीण परत येतो. माशाच्या नादात त्याची चोच किंवा शेपटी एकदा अडकली की सुटायच्या धडपडीत तो आणखी गुरफटतो. श्वास संपायला काही मिनिटं पुरतात. मासे मरतात ते पाण्याबाहेर. हा पाण्यातच बुडून मरतो.

यावर महाराष्ट्रात एक चांगला उपाय निघाला आहे. डिसेंबर 2018 मध्ये राज्याच्या कांदळवन कक्षाने भरपाईची योजना सुरू केली. जाळ्यात डॉल्फिन, देवमासा, कासव असा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला जिवंत सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी 25,000 रुपयांपर्यंत रक्कम मिळते. सुटका झालेल्यांत कासवांची संख्या मोठी आहे. मला या योजनेचं मोल फार वाटतं, कारण तिने मच्छीमाराला गुन्हेगार ठरवलं नाही, राखणदार मानलं. पोटावर मार न बसता प्राणी वाचवायची संधी मिळाली, तर आपला माणूस चाकू काढून स्वतःचं जाळं कापतो, हे किनाऱ्याने दाखवून दिलं आहे. मासळीचा साठाच ओरबाडणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारने फेब्रुवारी 2016 मध्ये निर्बंध घातले. पारंपरिक मच्छीमारांची ती जुनी मागणी होती. गादाचं पोट आणि लहान कोळ्याचं पोट एकाच मासळीवर भरतं. म्हणून या दोघांच्या हिताला वेगळं करता येत नाही.

आणखी एक गोष्ट आनंदाने सांगावीशी वाटते. डॉल्फिनना हौदात कोंडून खेळ करून दाखवायचे, असले प्रकल्प देशात ठिकठिकाणी मांडले जात होते. मे 2013 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने परिपत्रक काढून अशा प्रकल्पांना परवानगी देऊ नये, असं राज्यांना कळवलं. आपल्याकडे डॉल्फिन पाहायचा असेल तर त्याच्या घरी जाऊनच पाहावा लागतो.

जो परत येत नाही

उशीर झाला की काय होतं, ते यांगत्सेने दाखवलं. बैजी हा डॉल्फिन त्या नदीत लाखो वर्षं होता. धरणं, कारखाने, मोठ्या बोटी आणि गळांच्या दोऱ्या यांच्यामध्ये तो सापडला. 2006 साली देशोदेशींच्या तज्ज्ञांनी सहा आठवडे नदी पिंजून काढली. एकही बैजी दिसला नाही. सांभाळात असलेला शेवटचा नर 2002 सालीच मेला होता. आपल्या डोळ्यांदेखत, संशोधक, निधी आणि जाहीरनामे सगळं हाताशी असताना एक अख्खं कुळ गेलं. ॲमेझॉनच्या खोऱ्यात 2023 च्या दुष्काळात तेफे सरोवराचं पाणी उन्हाने तापून 39 अंशांच्या वर गेलं आणि काही आठवड्यांत दीडशेहून अधिक डॉल्फिन मरून पडले. त्यांना कुणी मारलं नव्हतं. पाणीच मारेकरी झालं होतं.

मग सोयगावने काय करायचं?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. वाघूरचं पाणी वाघूर धरणात अडतं, पुढे तापीवर उकाई आहे. इथून टाकलेली प्रत्येक गोष्ट समुद्रात पोचतेच, असा दावा मी करणार नाही. पण पुराच्या दिवसांत धरणांचे दरवाजे उघडतात तेव्हा पाणी, गाळ, प्लास्टिक आणि पाण्यात उतरलेलं औषध सगळं मिळून खाली जातं. जे मध्ये अडतं, ते आपल्याच धरणात, आपल्याच पिण्याच्या पाण्यात साचतं. दोन्हींकडून प्रश्न आपलाच आहे.

म्हणून तीन-चार कामं सुचवतो. सगळी तुमच्या हातातली आहेत.

पहिलं, फवारणीचं. कपाशीवर गरज नसताना, दुकानदार सांगतो म्हणून दोन-तीन औषधं एकत्र मारायची सवय सोडू या. कामगंध सापळे लावून कीड मोजावी, नुकसानीची पातळी ओलांडली तरच फवारावं, रिकामे डबे आणि पंप ओढ्यात धुऊ नयेत. यात खर्चही वाचतो आणि फवारणाऱ्याचा जीवही.

दुसरं, ओढ्याच्या काठाचं. नदी-नाल्याच्या दोन्ही काठांना झाडोऱ्याची पट्टी राखली, तर शेतातली माती आणि औषध बरंचसं तिथेच अडतं. पात्रातला बेसुमार वाळूउपसा थांबला तर विहिरींनाही पाणी टिकतं. ग्रामसभेने ठराव करून हे दोन्ही होऊ शकतं.

तिसरं, शाळेचं. सोना नदीच्या पाण्याची नोंद मुलांनी ठेवावी. पाणी केव्हा आलं, केव्हा आटलं, त्यात कोणते मासे आणि किडे दिसले, काठावर किती प्लास्टिक सापडलं. पाच-दहा वर्षांची अशी वही कोणत्याही अधिकाऱ्यासमोर ठेवता येते. कोकणातल्या शाळेशी पत्रव्यवहार करून त्यांची खाडीची वही आणि आपली डोंगराची वही एकमेकांना दाखवावी.

चौथं, सहलीचं. इथून कित्येक कुटुंबं आणि शाळा कोकणात जातात आणि ‘डॉल्फिन दाखवतो’ म्हणणाऱ्या बोटीत बसतात. बसलात तर नाखव्याला आधीच सांगा की आम्हाला दुरून पाहायचं आहे. कळपाच्या मधून बोट घालू नका, डॉल्फिनच्या पुढे जाऊन वाट अडवू नका, जवळ आला तर इंजिनाचा वेग उतरवा, पिल्लू असेल तर लांबच थांबा. आणि डॉल्फिन दिसला नाही म्हणून पैसे परत मागू नका. त्या मागणीपोटीच नाखवा घाईने पाठलाग करतो. गिऱ्हाईक शांत राहिलं तर नाखवाही शांतपणे बोट चालवेल, कारण उद्या डॉल्फिन राहिला तरच त्याचा धंदा राहणार आहे.

मित्रहो, डॉल्फिन वाचवा म्हणून हात जोडायला मी आलो नाही. नदीत वर्षभर थोडं तरी वाहतं पाणी, त्या पाण्यात विष नाही, खाडीत मासळी आणि किनाऱ्यावर पोटभर कमावणारा मच्छीमार, एवढं आपण राखलं तर डॉल्फिन आपोआप राहतो. हे सगळं आपल्यालाही हवंच आहे. पंजाबने सिंधूच्या डॉल्फिनला राज्याचा जलचर केलं तेव्हा त्याच्या नदीत मोजकेच डॉल्फिन उरले होते. आपल्या किनाऱ्यावर गादाचे कळप अजून आहेत आणि आपल्या डोंगरात नद्यांचे उगमही अजून आहेत. मान देण्यासाठी तीनवर येऊन ठेपण्याची वाट पाहायची नसते. काम आताच सुरू करू, आणि ते डोंगराच्या माथ्यापासून सुरू करू. पाणी तिथूनच निघतं.